घरचीं यंत्रें : लिक्विड कूलरची पत्रिका

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं पुन्हां पुन्हां विचारलेला आढळतो : अमुक मदरबोर्डावर अमुक लिक्विड कूलर बसेल काय? त्यांतील एक पत्र आम्हांस विशेष विचार करण्यासारखें वाटलें. पत्रलेखिका एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील काकू आहेत. थोरल्या पुतण्यानें २०२० सालीं इंटेलच्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरासाठीं घेतलेला कूलर अजून चालतो आहे. धाकट्यासाठीं चौदाव्या पिढीचा प्रोसेसर व त्याला साजेसा मदरबोर्ड घ्यावयाचा आहे. तेव्हां जुनाच कूलर नव्यावर चढवून कांहीं हजार रुपये वांचवावेत, असा घरांत विचार चालला आहे. दुकानदाराचें म्हणणें, "बसेल हो काकू, सगळे सारखेच असतात." काकूंचा मात्र या 'सगळे सारखेच' वर विश्वास बसत नाहीं. त्यांची शंका रास्त आहे.

कूलर हा शब्द ऐकतांच विदर्भांतील आमच्या वाचकांस वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणारें पाणी आठवेल. त्या कूलरांत पाण्याची वाफ होऊन जाते व म्हणून हवा गार होते. प्रस्तुत यंत्रांतील द्रव मात्र बंद नळ्यांतूनच फिरतो. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची चकती, बहुधा तिच्यावरच लहानसा पंप, तेथून निघून रेडिएटरास जाणाऱ्या दोन नळ्या, आणि रेडिएटरास वारा घालणारे पंखे, एवढाच याचा संसार. अर्थात् खोलींतील हवेहून अधिक थंडावा यापासून मिळणें शक्य नाहीं, हें नागपूरच्या वैशाखांत संगणक चालविणारांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां मूळ प्रश्न. कूलरची सोयरीक मदरबोर्डाच्या नांवाशीं नसतेच. बोर्ड कोणत्या घराण्याचा व किती किंमतीचा, याची तो चौकशी करीत नाहीं. प्रोसेसर ज्या चौकटींत बसतो तें सॉकेट आणि त्याभोंवतीं बोर्डास पाडलेलीं चार छिद्रें, हेंच त्याचें गोत्र. मनुष्यांत सगोत्र विवाह टाळतात. येथें मात्र सगोत्रच पाहिजे. इंटेलचें ११५६ हें सॉकेट २००९ सालीं आलें. तेव्हांपासून २०२० सालच्या १२०० पर्यंत घरगुती संगणकांच्या बोर्डांवर या छिद्रांतील अंतर ७५ मिलिमीटर होतें. दहा वर्षांहून अधिक काळ हें चालल्यामुळें 'सगळे सारखेच' ही समजूत दुकानांतून रूढ झाली असल्यास नवल नाहीं. परंतु २०२१ सालीं १७०० क्रमांकाचें सॉकेट आलें आणि अंतर ७८ मिलिमीटर झालें. बारावी, तेरावी व चौदावी पिढी याच सॉकेटांत बसते. २०२४ सालच्या १८५१ मध्येंही अंतर ७८ च राहिलें आहे.

तीन मिलिमीटर म्हणजे मुगाच्या दाण्याहूनही कमी. तेव्हां कानस घेऊन पट्टीचीं भोंकें जराशीं लांबवलीं म्हणजे झालें, असें घरांतील एखादा हुशार हात म्हणेल. त्याचा हात वेळींच धरावा. एक तर नव्या सॉकेटांत प्रोसेसरची उंचीही पाऊण मिलिमीटराच्या आसपास उतरली आहे. त्यामुळें पट्टी बसली तरी चकतीचा दाब पुरेसा व सारखा पडत नाहीं. दुसरें असें कीं, हा दोष लगेच उघडकीस येत नाहीं. संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, सर्व मंडळी समाधान पावतात. पुढें मुलगा चित्रफितीचें मोठें काम करावयास बसला कीं प्रोसेसर शंभर अंशांच्या घरांत जातो आणि स्वतःचा बचाव करण्यासाठीं आपण होऊन मंद चालूं लागतो. मग नव्या यंत्रास दोष दिला जातो. मदरबोर्डास छिद्र पाडण्याचा विचार तर मनांतही आणूं नये. त्या पातळ पत्र्याच्या पोटांत तांब्याच्या वाटांचे थर असतात.

तेव्हां काकूंस आमचें उत्तर असें : कूलरच्या कारखानदाराच्या यादींत आपल्या कूलरचें पूर्ण नांव शोधावें व त्यासाठीं १७०० चा पट्टी-संच मिळतो कीं नाहीं हें पाहावें. कित्येक कारखानदारांनीं असे संच काढले, कांहींनीं तर खरेदीची पावती पाहून ते विनामूल्य दिले. संच मिळत असेल आणि कूलरची हमी शिल्लक असेल तर जुना खुशाल चढवावा. हमी संपली असल्यास आम्ही चढविणार नाहीं. पंप झिजतो, नळ्यांतून वर्षानुवर्षें द्रवही थोडाथोडा उडून जातो.

एएमडीच्या बाजूस दुकानदार निम्मा खरा ठरतो. त्यांच्या एएम४ चीं छिद्रें ५४ व ९० मिलिमीटरांवर आहेत व २०२२ सालच्या एएम५ नें तींच कायम ठेविलीं. फरक इतकाच कीं, एएम५ च्या बोर्डामागची लोखंडी पाटी सॉकेटासच जखडलेली असल्यामुळें काढतां येत नाहीं. बोर्डाच्याच पाटीवर बसणारा कूलर चालतो. स्वतःची पाटी मागणारा चालत नाहीं.

छिद्रें जुळलीं म्हणजे काम संपलें असें नाहीं. २४० चा रेडिएटर प्रत्यक्षांत सुमारें पावणेतीनशें मिलिमीटर लांब भरतो. त्याची जाडी बहुधा २७ व पंख्याची २५, मिळून ५२ मिलिमीटर होतात. हें सर्व कॅबिनेटच्या छताखालीं टांगलें कीं उंच शिंगांची रॅम किंवा बोर्डाच्या कडेचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आड येतो. शिवणाच्या टेपनें आधीं मापावें. रेडिएटर पुढच्या बाजूस बसविल्यास त्याचा वरचा कांठ पंपाहून उंच राहील असें करावें, नाहींतर पंपांत हवा सांठते.

वायरींविषयीं थोडें. पंपाची वायर बोर्डावरील 'एआयओ पंप' या खुणेवर लावून तो पूर्ण वेगानें चालूं द्यावा. 'सीपीयू फॅन' ही जागा मोकळी राहिल्यास पुष्कळ बोर्ड सुरू होतांना तक्रार करतात, म्हणून तेथें रेडिएटरचा पंखा लावावा. शोभेच्या दिव्यांची तीन टोंकांची वायर पांच व्होल्टांची, चार टोंकांची बारा व्होल्टांची; अदलाबदल झाल्यास दिवे जळतात. कांहीं कूलर यांखेरीज बोर्डावरील आंतली यूएसबी जागाही मागतात. आम्हांस विचाराल तर दिवे नसलेला कूलर घ्यावा.

जुना कूलर चढवितांना चकतीवरील वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. नवा असल्यास चकतीखालचा पारदर्शक कागद काढावयास विसरूं नये. रॅमविषयींच्या पत्रांचा विचार पुढील अंकीं करूं.