जुनी ऑल्टो, नवा टेप आणि अडलेली गाय

गाय अडली की शेतकरी मेसेज टाकत बसत नाही, फोन लावतो. तो फोन येतो तेव्हा जनावरांचा डॉक्टर बहुतेक वेळा गाडी चालवत असतो, कारण खेड्यापाड्यातल्या खासगी डॉक्टरचा दवाखाना म्हणजे त्याची गाडीच. माझी २००८ सालची ऑल्टो आहे. डिकीत कॅल्शियमच्या बाटल्या, सलाइनच्या नळ्या, गमबूट, दोर. शेजारच्या सीटवर औषधांची पेटी. नेवासा तालुक्यात सोनई-घोडेगावच्या आसपासच्या वस्त्या हा माझा पट्टा. इथे उसाचं बिल यायचं तेव्हा येतं, पण दर दहा दिवसांनी घरात येतो तो दुधाचा पगार. त्या पगारावर किराणा, पोरांची फी आणि पेंडेची उधारी चालते. तेव्हा नुकती व्यालेली गाय बसली आणि उठेना झाली, तर डॉक्टर आता कुठे असेल, काय करत असेल, याचा विचार माणूस करत नाही. त्याने तो का करावा?

म्हणून माझं म्हणणं असं की फिरतीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने, गाडी कितीही जुनी असो, तिच्यात ब्लूटूथवर बोलायची सोय करून घ्यावी. आणि करून घेतल्यावर तिच्यावर होईल तितकं कमी बोलावं. दोन्ही गोष्टी मी सारख्याच आग्रहाने सांगतो आहे.

२०२२ साली जनावरांत लम्पी हा त्वचारोग आला तेव्हा आमच्या सगळ्यांचेच फोन उजाडल्यापासून रात्रीपर्यंत थांबत नव्हते. अंगावर गाठी आल्यात, पाय सुजलाय, वैरणीला तोंड लावत नाही. त्या दिवसांत नगर–संभाजीनगर रस्त्याला, अगदी इमामपूरच्या घाटातसुद्धा, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने कानाला फोन अशी माणसं मी पाहत होतो. त्यात आमचे डॉक्टर होते, दूध संकलनाच्या गाड्यांचे ड्रायव्हर होते, औषध कंपन्यांची पोरं होती. मान तिरकी करून खांद्याशी फोन दाबायचा आणि मोकळ्या हाताने गिअर टाकायचा, ही कसरत तर आजही रोज दिसते. मी गाडीत ब्लूटूथचा टेप त्याच वर्षी बसवून घेतला.

कायद्याचं एकदा सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडू लागलं. पहिल्या गुन्ह्याला हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून फक्त रस्ता शोधण्यापुरती मोकळीक मिळाली, तीही चालकाचं लक्ष ढळणार नाही अशा बेताने. हातात न धरता बोलण्याचं नाव या कलमात नाही. पुष्कळ जण नेमके इथे थांबतात. पोलीस अडवत नाहीत म्हणजे धोका नाही, असा त्यांचा हिशेब असतो. त्याकडे पुढे येतोच, आधी टेपचं बोलू.

कार डेकोरच्या दुकानात गेलं की दोन टोकाच्या वस्तू आधी पुढे येतात. पहिली वस्तू म्हणजे सिगारेट लायटरच्या खोबणीत खुपसायचं छोटं यंत्र. काही शेकड्यांत मिळतं. फोनचा आवाज ते एफएमवरच्या एखाद्या मोकळ्या जागेवर सोडतं आणि गाडीचा जुना रेडिओ तो पकडतो. गाण्यांपुरतं ते चालतं. पण मोकळी जागा गावागणिक बदलते. सोनईत निवांत असलेल्या जागेवर पुण्याकडे सरकताना दुसरं कोणीतरी बोलत असतं, ९८.३ वर मिर्ची, १०१ वर आकाशवाणी पुणे. मग माणूस चालत्या गाडीत आकडे फिरवत बसतो. त्याहून मोठी अडचण माइकची. तो यंत्रातच असतो, म्हणजे खाली गिअरजवळ. जुन्या गाडीत उन्हाळ्यात काचा उघड्या असतात. वारा, इंजिन आणि डिकीतल्या बाटल्या यांचा आवाज माइकात आधी जातो, माझा नंतर. पलीकडून शेतकरी ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो, इकडून मी ओरडतो. ओरडणारा ड्रायव्हर रस्त्याकडे पाहत असला तरी त्याचं चित्त ओरडण्यात गुंतलेलं असतं.

दुसरी वस्तू मोठ्या पडद्याची. दुकानदार तिला नुसतं ‘अँड्रॉइड’ म्हणतात. जुन्या गाडीला नवं रूप येतं म्हणून तरुण पोरं तीच मागतात. माझा तिला ठाम विरोध आहे. बटण बोटाला चाचपून सापडतं, काच सापडत नाही. काचेवर नेमक्या जागी बोट ठेवायचं तर डोळे न्यावे लागतात, आणि डोळे गेले की रस्ता गेला. शिवाय त्या पडद्यावर व्हिडिओ चालतो. लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्यांमध्ये पुढे गाणं दिसत असतं आणि चालवणाराही ते बघत असतो. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या जिवाशी चाललेला हा खेळ कोणी थांबवत नाही.

या दोन्हींच्या मधली, दुकानात कोपऱ्यात पडलेली वस्तू घ्यावी. साधा, एका खणाचा टेप. बाजारात त्याला सिंगल डिन म्हणतात. १८० बाय ५० मिलिमीटर हे त्याचं माप जगभर रूढ आहे, म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या खोबणीतही तो बसतो. ब्लूटूथ असावं, आवाजाची गोल फिरणारी कळ असावी, फोन उचलायचं बटण मोठं आणि वेगळं असावं. आणि माइक लांब वायरीचा, बाहेर काढता येणारा असावा. ही शेवटची अट दुकानात तीनदा सांगा, कारण स्वस्तातल्या टेपना माइक दर्शनी पट्टीतच असतो आणि तो तुमच्या तोंडापासून हातभर लांब राहतो. बाहेरचा माइक डोक्यावर सनशेडपाशी किंवा काचेच्या उजव्या खांबावर लावायचा. एसीच्या झोतासमोर नको. स्पीकरच्या शेजारी तर मुळीच नको, नाहीतर पलीकडच्याला स्वतःचाच आवाज माघारी ऐकू येतो.

वायरिंग करताना समोर उभे राहा. गाडीबरोबर आलेला कपलर कापू देऊ नका, त्याला जोडणारा तयार कपलर बाजारात मिळतो. तो लावला की उद्या टेप काढला तरी गाडी पहिल्यासारखी राहते. टेपची पिवळी वायर बॅटरीवरून कायम चालू असते, घड्याळ आणि पकडून ठेवलेली स्टेशनं तिच्यावर टिकतात. लाल वायरीत प्रवाह किल्ली फिरवल्यावरच यायला हवा. काळी अर्थिंगची. घाईचा कारागीर लाल आणि पिवळी एकत्र पिळून चिकटपट्टी मारतो; टेप रात्रभर चालू राहतो आणि पहाटे बॅटरी उतरलेली असते. ज्याला पहाटे तीनला गोठ्यावर जायचं असतं त्याला हे परवडणारं नाही. जुन्या स्पीकरचा कागद उन्हाने विरलेला असतो, तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचा निदान एक बदलून घ्या. गाणं खणखणीत येतं आणि बोलणं मात्र बारीक, दबकं येतं म्हणून टेप परत करू नका. ब्लूटूथवर गाणं एका पद्धतीने जातं, संभाषण दुसऱ्या. संभाषणात आवाज एकाच वेळी दोन्हीकडे न्यायचा असतो, म्हणून तो कमी भरून पाठवतात. विम्याच्या पॉलिसीत नव्या टेपची नोंद करून घेतलेली बरी.

चांगल्या कंपनीचा टेप, माइक, कपलर आणि मजुरी धरून हे काम काही हजारांत होतं. नव्या गाडीच्या कर्जाचा एखादा हप्ताच तेवढा असतो. इंजिन धड असलेली गाडी केवळ फोनच्या सोयीसाठी मोडीत काढू नये, असं मला मनापासून वाटतं. कच्च्या पाणंद रस्त्याला, उसाच्या पाचटातून, ओढ्याच्या पाण्यातून जी गाडी बारा महिने जाते, तिच्यात ही एवढीच गोष्ट कमी असते.

आता धोक्याकडे. टोरांटोच्या रेडेलमायर आणि तिबशिरानी या दोघांचा अभ्यास १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी त्यांनी तपासल्या. फोनवर बोलत असताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचं काही दिसलं नाही. पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी दाखवलं की बोलण्यात गुंतलेल्या चालकाच्या नजरेसमोरून वस्तू जाते तरी ती त्याच्या मनात नोंदली जात नाही. शेजारी बसलेला माणूस समोरून ट्रक आला की गप्प होतो, ‘जरा हळू’ म्हणतो. फोनवरच्याला तो ट्रक दिसत नाही, तो बोलतच राहतो. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर १५,२२४ माणसं गेली. त्या आकड्यासमोर ‘माझे हात तर मोकळे होते’ हे उत्तर फार तोकडं आहे.

आमच्या कामात हे अगदी उघड दिसतं. फोन येतो: ‘डॉक्टर, गाय बसलीय, उठंना.’ कधी व्याली? ‘काल राती.’ मान कशी आहे? ‘बरगडीकडं वळवलीय.’ कान गार लागतात का? ‘हां, गारच हायेत.’ एवढ्यात माझं मन गोठ्यात पोचलेलं असतं. दुधाचा ताप आहे, कॅल्शियम शिरेतून द्यावं लागणार, सावकाश द्यावं लागणार, नाहीतर हृदयावर येईल, दोन बाटल्या शिल्लक आहेत का. डोळे रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर, आणि गाडीत मी नाहीच. हंगामाच्या दिवसांत संध्याकाळी समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असतो. मागे दिवा नाही, ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला, आणि ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज एवढा की त्याला मागचा हॉर्न ऐकू जात नाही. दोघेही आपापल्या आवाजात बुडालेले.

म्हणून मी चालत्या गाडीत तीनच गोष्टी विचारतो. गाव कुठलं, वस्ती कोणाची, जनावर उभं आहे की बसलंय. चौथा प्रश्न गाडी बाजूला घेऊन. टेपचा उपयोग दाराच्या कडीसारखा करावा. कोण आलंय ते कळावं, बैठक आत बसल्यावर. काही लोक म्हणतात, डॉक्टर, तेवढ्यात जनावर जाईल. उलट आहे. डावी कूस फुगून जनावर गुदमरत असेल तर मिनिटामिनिटाला किंमत असते, आणि अशा वेळी पुढचे पाय उंचावर कसे ठेवायचे, गोडेतेल पाजताना ते श्वासनलिकेत जाऊ कसं द्यायचं नाही, हे थांबून, शांतपणे सांगितलं तरच त्या माणसाला जमतं. धावत्या गाडीतून सांगितलेलं अर्धं ऐकू येतं आणि अर्धं चुकीचं केलं जातं.

फोन करणाऱ्यांनीही पहिल्याच वाक्यात विचारावं, ‘गाडीवर आहात का?’ सरकारच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा नंबर आहे, तोही गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा.

पण सगळं ओझं चालवणाऱ्यावर टाकून भागणार नाही. जिल्ह्यातले दूध संघ, साखर कारखाने आणि त्यांची गट ऑफिसं शेकडो माणसं रोज रस्त्यावर धाडतात. कृत्रिम रेतनाचे सेवक, संकलनाचे ड्रायव्हर, कारखान्याच्या शेतकी खात्याचे ओव्हरसियर आणि ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय. ऊसतोडीची टोळी कुठल्या फडात आहे, गाड्या किती भरल्या, याची विचारणा हंगामात दिवसभर चालते आणि फोन उचलला नाही की साहेब चिडतो. मोटारसायकलवरचा चिटबॉय फोन हेल्मेटमध्ये खुपसून बोलतो. त्याला टेपचा काही उपयोग नाही, त्याला फक्त थांबण्याची परवानगी हवी आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचं गाळप सुरू करून दाखवणाऱ्या जिल्ह्याला आपल्या माणसांसाठी एवढा एक ठराव जड नाही. गाडीवर असताना न उचललेल्या फोनबद्दल कोणाला जाब विचारला जाणार नाही, दहा मिनिटांत उलट फोन केला की पुरे, असं संचालक मंडळाने लेखी द्यावं.

आणि गाळपाच्या तोंडावर कारखान्याच्या आवारात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो, तिथेच बाजूला कार डेकोरचा एक जाणता कारागीर बसवावा. ज्यांची स्वतःची जुनी चारचाकी कामावर धावते त्यांना टेप आणि बाहेरचा माइक लावून द्यावा. निम्मा खर्च संस्थेने सोसावा, निम्मा पगारातून हप्त्याने कापावा. वायरी कापायच्या नाहीत, पडद्याचा टेप द्यायचा नाही, माइक सनशेडला.