बॅटरीचं वय काय?

पहाटेचे पावणेचार. डिसेंबर महिना, त्यात पुणं, त्यामुळे पार्किंगमध्ये बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या. बायको कडक इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर कागदपत्रांची फाइल घेऊन शेजारच्या सीटवर. नऊ वाजता बीकेसीत तिचा व्हिसा इंटरव्ह्यू. तीन वर्षं बॉसच्या मागे लागून मिळवलेला परदेशातला प्रोजेक्ट या एका इंटरव्ह्यूवर अडकलेला. ‘ट्रेन नको, बस नको, मी सोडतो तुला,’ असं मीच रुबाबात सांगितलं होतं. त्याच रुबाबात किल्ली फिरवली.

टक्. टक् टक् टक्.

डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि झोपले.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही गं, थंडी आहे ना.’’

पुन्हा किल्ली. या वेळी एकच टक्. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यात गाडी सुरू करण्याइतका करंट नक्की होता! कॅबच्या ॲपवर दोघांनी राइड घेतली आणि दोघांनीही कॅन्सल केली. तेवढ्यात कानटोपी घालून टेकडीवर निघालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका देवासारखे उगवले. त्यांनी आपली गाडी नाकासमोर नाक लावून उभी केली आणि डिकीतून जंपर केबल काढल्या. लाल केबल आधी आमच्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक आमच्या इंजिनच्या उघड्या धातूला. बॅटरीच्या मायनसला नाही, कारण बॅटरीजवळ हायड्रोजन साठलेला असू शकतो आणि तिथे ठिणगी नको. काढताना सगळं बरोब्बर उलट क्रमानं.

गाडी सुरू झाली. काकांनी हात झटकले आणि विचारलं, ‘‘बॅटरीचं वय काय रे?’’

मंडळी, मी गप्प. मोबाइल किती महिन्यांचा, लॅपटॉपची वॉरंटी कधी संपते, गाडीचे हप्ते किती उरलेत, सगळं तोंडपाठ. पण ज्या डब्यावर माझी आख्खी गाडी उभी आहे, त्याची जन्मतारीख? सेकंडहँड गाडी २०२२ साली घेतली, तेव्हा विकणारा म्हणाला होता, ‘बॅटरी नवीनच आहे.’ मी तेव्हा म्युझिक सिस्टिम बघत होतो.

‘‘आता मुंबईपर्यंत इंजिन बंद करू नकोस,’’ काकांनी बजावलं. म्हणजे फूड मॉलवर चहा नाही, वडा नाही. खालापूरचा टोल येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. पोचलो तेव्हा आठ चाळीस. ती धावत आत गेली आणि मी सीटवर बसून गेले पंधरा दिवस आठवत राहिलो.

कारण खरं सांगायचं तर बॅटरीनं रीतसर नोटीस दिली होती. आधी एका ‘गर्र’मध्ये सुरू होणारी गाडी हल्ली सकाळी दोन-तीनदा कण्हायची. सिग्नलला थांबलं की हेडलाइट मंद, ॲक्सिलरेटर दिला की परत टवटवीत. काचा वर जाताना दमायच्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, चालतंय की!

दुपारी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा हसरा होता आणि गाडीही पहिल्या फटक्यात सुरू झाली. लगेच माझ्यातला आळशी जागा झाला, ‘बघ, ठीक आहे आता.’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘उद्या सकाळी दहाला बॅटरीवाल्याकडे. मी येतेय सोबत.’’ तिचंच बरोबर होतं. जंप स्टार्ट हा इलाज नाही, उधारी आहे. मुंबईची दुपार उबदार आणि बॅटरी साडेतीन-चार तास चार्ज झालेली, म्हणून बाईसाहेब गोड वागल्या, एवढंच.

बॅटरीवाल्यानं आधी झाकण पुसलं. कडेला एक कोड ठोकलेला होता. बऱ्याच बॅटऱ्यांवर इंग्रजी अक्षर म्हणजे महिना (ए जानेवारी, बी फेब्रुवारी) आणि आकडा म्हणजे वर्ष. प्रत्येक कंपनीचं गणित थोडं वेगळं, त्यामुळे दुकानदाराकडूनच वाचून घ्यावं. आमच्या ‘नवीनच’ बॅटरीचं वय निघालं साडेपाच वर्षं! आपल्या हवेत साधारण तीन ते पाच वर्षं म्हणजे बॅटरीचं भरलेलं आयुष्य. आमची तर रिटायर होऊन एक्स्टेन्शनवर होती.

पण नुसत्या वयावरून त्यानं निकाल दिला नाही, हे मला आवडलं. रात्रभर उभ्या गाडीला त्यानं मीटर लावला. पूर्ण चार्ज असलेली निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. आमची १२.२. मग मला सेल्फ मारायला लावला. त्या क्षणी स्टार्टर शंभर-दोनशे अँपियर ओढतो. तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली फार जाऊ नये, आमचा आठवर आपटला. शेवटी इंजिन चालू ठेवून मोजलं, तर १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, दोष बॅटरीचाच. हे तिसरं माप महत्त्वाचं आहे. इंजिन चालू असताना आकडा साडेतेराच्या खाली राहत असेल, तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा वायरिंग आधी बघा. नाहीतर नवी कोरी बॅटरीही महिन्याभरात रडेल आणि तुम्ही दुकानदाराशी भांडत बसाल.

काही बॅटऱ्यांवर हिरवा डोळा असतो. तो हिरवा दिसला की आपण खूश. पण तो सहापैकी एकाच सेलचं खरं सांगतो, उरलेल्या पाचांचं काय?

मी विचारलं, ‘‘थंडीनं मेली ना?’’ तो हसला. मारतो उन्हाळा, नाव मात्र हिवाळ्याचं! उष्णतेनं आतल्या प्लेट्स लवकर गंजतात, पाणी उडतं. म्हणून नागपूर-अकोल्याकडची बॅटरी महाबळेश्वरच्या बॅटरीपेक्षा लवकर म्हातारी होते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि मे महिन्यात झालेलं नुकसान डिसेंबरच्या पहाटे उघडं पडतं.

दुसरा खुनी आपली लाइफस्टाइल. तीन किलोमीटरवर जिम, दोन किलोमीटरवर मॉल. स्टार्ट करताना काढलेला चार्ज भरून येण्याआधीच आपण गाडी बंद करतो. आणि वर्क फ्रॉम होम असेल तर आठवडाभर गाडी जागेवर, पण अलार्म आणि डॅशकॅम गुपचूप वीज पितातच. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेट्सवर लेड सल्फेटचे स्फटिक जमून घट्ट होतात, मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही. २०२०च्या लॉकडाऊननंतर किती सोसायट्यांमध्ये गाड्या ढकलल्या गेल्या, आठवतंय?

तर आता माझं टाइमटेबल ऐका. बॅटरी दोन वर्षांच्या आतली असून त्रास देत असेल, तर बदलायची घाई नको. सैल टर्मिनल, बुरशी, कुठे दिवा चालू राहतोय का, अल्टरनेटर, हे सगळं आधी तपासायचं, शिवाय वॉरंटी कार्ड शोधायचं. तीन वर्षं झाली की वर्षातून दोनदा टेस्ट, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीनंतर. चार वर्षं उलटली, टेस्ट काठावर आली आणि लांबचा प्रवास ठरलाय? सरळ बदलायची. आपल्या सोयीच्या दिवशी, दोन दुकानांत भाव विचारून. मध्यरात्री हायवेवर भाव विचारायची सोय नसते.

वॉरंटीबद्दल एक गंमत. त्यातले सुरुवातीचे महिने फुकट बदलून देण्याचे आणि पुढचे ‘प्रो-राटा’, म्हणजे नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर फक्त सूट. दुकानात तीच बॅटरी आधीच स्वस्तात मिळत असेल, तर या सुटीचा फारसा फायदा होत नाही. दोन्हींचा हिशेब करूनच हो म्हणा. नवी घेताना तिचाही कोड बघा. वर्षभर कपाटात बसलेली ‘नवी’ बॅटरी नको. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी स्टार्ट-स्टॉप गाडी असेल, तर ईएफबी किंवा एजीएम यातली जी मुळात होती, तीच जात पाहिजे. साधी टाकून पैसे वाचत नाहीत, काही महिन्यांनी दुप्पट जातात.

आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला नको. आत शिसं आणि ॲसिड असतं, ते कुणाच्या तरी मागच्या अंगणात फोडलं जातं. दुकानदार ती घेतो आणि बिलात पैसेही कमी करतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी अधिकृत रिसायकलिंगलाच जायला हवी.

नवी बॅटरी बसल्यावर बायकोनं पर्समधून मार्कर काढला आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत तारीख लिहिली. वर मला म्हणाली, ‘‘लग्नाची तारीखही इथेच लिहू का? दोन्ही एकदम लक्षात राहतील.’’

व्हिसा मिळाला. ती आता तिकडे आहे, मी इकडे, आणि गाडी बरीचशी पार्किंगमध्ये. दर रविवारी तिचा फोन येतो. ‘‘गाडी फिरवलीस का? पाच मिनिटं नुसती चालू ठेवून भागत नाही हं, अर्धा तास तरी चालव.’’ मग मी टर्मिनल पुसतो, तिच्या अक्षरातली तारीख बघतो आणि एकटाच सिंहगड रोडला चक्कर मारून येतो.

तुमच्या बॅटरीचं वय काय हो? आठवत नाही ना? खाली जा, बॉनेट उघडा. कोड वाचायला मोबाइलचा टॉर्च पुरतो.