पहिले धनुष्य बांबूचेच असावे

धाराशिव जिल्ह्यात मजबूत लाकूड म्हटले की बाभूळच आठवते. पिढ्यान्‌पिढ्या औते झाली ती बाभळीची, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आऱ्याही तिच्याच. त्यामुळे शाळकरी मुलांसाठी हाताने धनुष्य करायचे ठरले, तर पहिली नजर बांधावरच्या बाभळीकडेच जाणार. पण ओझे आणि घाव सोसणे वेगळे, आणि शेकडो वेळा वाकून दर वेळी सरळ होणे वेगळे. शिवाय आपल्याकडची बाभूळ वाकडीतिकडी, गाठाळ वाढते. चार-साडेचार फूट सरळ, बिनगाठीचा तुकडा मिळणे मुश्कील. सागवान तासायला सोपे आणि टिकाऊ खरे, मात्र दारे-खिडक्यांना लागणारा टिकाऊपणा धनुष्याच्या फारसा कामाचा नाही. धामणीचे लाकूड लवचीकपणासाठी पूर्वापार नावाजलेले आहे, पण आपल्या उघड्या माळांवर ते शोधायचे कुठे? जंगल नावापुरते, आणि येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातली काठीही तोडता येत नाही, तोडूही नये. म्हणून या जिल्ह्यात पहिले धनुष्य बांबूचे असावे. हाताशी दुसरे काही नाही म्हणून नव्हे, नवशिक्याला तोच सर्वांत योग्य म्हणून.

नवशिक्याची मुख्य अडचण म्हणजे हातून चूक होणारच. धनुष्य वाकते तेव्हा नेम धरणाऱ्याकडची बाजू दाबली जाते आणि समोरची, म्हणजे पाठीची, ताणली जाते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी एक दशांशाने कमी झाली की त्या जागचा ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. रंधा दोन वेळा जास्त फिरला तरी तेवढीच जागा जास्त वाकते आणि सगळा ताण तिथे गोळा होतो. पाठीवरचा एखादा तंतू कापला गेला असेल, तर तिथूनच ढलपी उचलते आणि पूर्ण ओढलेले धनुष्य मुलाच्या तोंडासमोर मोडते. म्हणून पहिल्या धनुष्याचे लाकूड चूक सांभाळून घेणारे हवे. इंग्लंडच्या लांब धनुष्यांची कीर्ती यू वृक्षाच्या लाकडावर उभी राहिली. तरी परदेशातले जाणकार नवशिक्याला यूऐवजी हिकरी किंवा एल्मसारखे चिवट लाकूड घ्यायला सांगतात.

बांबूत हा चिवटपणा जिथे हवा तिथेच असतो. त्याचे सर्वांत दाट आणि बळकट तंतू बाहेरच्या सालीलगत असतात. ती साल न तासता पाठीला ठेवायची आणि तासायचे ते फक्त आतल्या बाजूने. लाकडी धनुष्यात पाठीवर एकच वर्षवलय अखंड राखणे हे नवशिक्याला सर्वांत जड जाणारे काम. बांबूत ते आधीच झालेले असते. आपल्या हवेला मानवेल विशेष जुळतो. हा जाड भिंतीचा बांबू कोरड्या, हलक्या जमिनीत जवळजवळ भरीव वाढतो. लाठ्या त्याच्याच होतात. इथे जमिनीचा हलकेपणाच उपयोगी पडतो.

बांबूचे धनुष्य लवकर बाक धरते, असा आक्षेप जाणकार घेतील. ते खरे आहे. आतली बाजू दाबाला तितकी तगडी नसते, त्यामुळे दोरी उतरवल्यावरही थोडा बाक उरतो आणि बाणाचा वेग घटतो. पण शिकणाऱ्यासाठी मी हा गुणच मानतो. चूक झाली तर धनुष्य हळूहळू वाकून ती दाखवते, एकदम मोडून दगा देत नाही. पट्टी रुंद ठेवावी आणि ओढ २० पाउंडांच्या आसपास. मग हा बाकही आटोक्यात राहतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विश्वविजेते झाले ते अत्याधुनिक कंपाउंड धनुष्यावर; मग आपल्या मुलांनी बांबू का तासत बसावे? कारण स्पर्धेचा तसा संच लाखाच्या घरात जातो आणि तो येईपर्यंत गावातली मुले थांबून राहतात. तिरंदाज दीपिका कुमारीची सुरुवात बांबूच्याच धनुष्यावर झाली. आपल्या देशात ‘इंडियन राउंड’ हा स्पर्धाप्रकार लाकूड-बांबूच्या धनुष्यांवरच खेळला जातो. म्हणजे ही वाट मैदानापर्यंत जाते.

जंगलाबाहेरच्या बांबूला कायद्याचीही आता आडकाठी नाही. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. बांबूची पारख असलेले बुरूड कारागीर आपल्याकडे आहेत. कोणता बांबू पक्का आणि कोणत्या पेराला तो चिरेल हे ते हात लावून सांगतात. शाळांनी त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. क्रीडा साहित्याच्या खर्चात एवढे बसायला हवे.

क्रीडाशिक्षकांनी यंदा हिवाळ्यातच, खोडातली साखर कमी असताना, तीन वर्षे पूर्ण झालेला मानवेल कापून घ्यावा. तेव्हा कापलेल्याला भुंगा कमी लागतो. मग तो सावलीत वाळवावा. एप्रिलच्या उन्हात ठेवला तर भेगा पडतील. सावलीत वाळलेला बांबू उन्हाळी सुट्टीपर्यंत तासायला तयार होतो.