एमएसमधील थकव्याची दखल मूल्यमापन, नोकरी व परीक्षांमध्ये घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
दिव्यांग कल्याण आयुक्तालय,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या व्यक्तींच्या थकव्याची नोंद घेऊन वाजवी सोयीसुविधा मिळण्याबाबत

महोदय,

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस हा आजार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीतील एकवीस प्रकारांपैकी एक आहे. त्यामुळे आम्हाला प्रमाणपत्राचा मार्ग खुला झाला, याबद्दल आम्ही समाधानी आहोत. मात्र आमच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण आणि नोकरी ज्या लक्षणामुळे धोक्यात येते, त्या थकव्याची विचारणा ना वैद्यकीय मंडळासमोर होते, ना कार्यालयात. त्याविषयी हे निवेदन आहे.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटीतिपटीने आढळतो. साधारण चारपैकी तीन रुग्णांना थकवा जाणवतो. दिवसभराच्या कष्टांनंतर येतो आणि रात्रीच्या झोपेने उतरतो, तसा हा थकवा नाही. सकाळी नऊ वाजता व्यवस्थित चालणारी, बोलणारी व्यक्ती दुपारी दोन वाजता जिना चढू शकत नाही, साधा शब्द तिला आठवत नाही, समोरच्या फाइलमधली तीच ओळ ती पुन्हा पुन्हा वाचत राहते. पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. त्यामुळे घरी आळशी आणि कार्यालयात कामचुकार हे शिक्के बसतात, आणि ते आजाराइतकेच छळतात.

उष्णतेचा संबंध तर थेट आहे. शारीरिक श्रमांनंतर एमएसच्या रुग्णाची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते; त्यामागचे कारण अंग तापणे हे आहे, असे पुढे स्पष्ट झाले. आवरण गेलेल्या तंतूंमधून संदेश जाणे शरीराचे तापमान अर्धा अंश वाढले तरी अडखळू शकते. चंद्रपूर, नागपूर, अकोला येथील मे महिना या रुग्णांसाठी काय असतो, याची कल्पना आपण करू शकाल.

या थकव्यावर हमखास औषध उपलब्ध नाही. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या अमॅन्टाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तिन्ही औषधांची चाचणी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. औषधाचा अंश नसलेल्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाहीत. उपयोग होतो तो बेताच्या नियमित व्यायामाचा, अंग थंड ठेवण्याचा, कामाच्या अधूनमधून विश्रांती घेण्याचा. शिवाय रक्तक्षय, थायरॉइड, झोपेच्या तक्रारी, नैराश्य यांपैकी काही सोबत असेल तर त्यावर उपचार करण्याचा. यातले व्यायाम आणि उपचार आम्ही आमच्या बळावर करतो. परंतु केव्हा काम करायचे, कुठे बसायचे आणि केव्हा थांबायचे हे ठरवणे आमच्या हाती नसते. ते कार्यालयप्रमुखाच्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या हाती असते. म्हणूनच आम्ही आपल्याकडे आलो आहोत.

सर्वांत निकडीची मागणी नोकरीसंबंधी आहे. अधिनियमाच्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयीसुविधा देणे बंधनकारक आहे, आणि तेथे किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. तरीही विश्रांतीसाठी अर्धा तास मागणाऱ्या आमच्या एका भगिनीला ‘मग राजीनामा द्या’ असे ऐकावे लागले. आपण सर्व आस्थापनांना परिपत्रक काढून स्पष्ट कळवावे, की एमएस असलेल्या कर्मचाऱ्याला सकाळच्या वेळेत काम, दुपारी आडवे होण्यापुरती जागा व वेळ, तळमजल्यावरची हवेशीर किंवा वातानुकूलित बैठक आणि शक्य तेथे काही दिवस घरून काम या सोयी द्याव्यात. निवडणूक, सर्वेक्षण यांसारखी भर उन्हातली कामे त्यांच्यावर सोपवू नयेत. थकव्यामुळे घेतलेल्या विश्रांतीवरून गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा मारू नये. आम्हाला काम टाळायचे नाही. निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरी टिकवता यावी, यासाठीच ही विश्रांती हवी आहे.

परीक्षांच्या बाबतीत एक गैरसमज दूर व्हायला हवा. लेखनात अडचण असलेल्या दिव्यांग उमेदवारांना तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद आहे. ती चांगलीच आहे. पण थकलेल्या विद्यार्थ्यासाठी तीन तासांची परीक्षा चार तासांची झाली, तर त्याला आणखी एक तास ताटकळत बसावे लागते. त्याला हवी असते मधली विश्रांती, आणि तेवढा वेळ परीक्षेच्या वेळेत न धरणे. राज्यातील परीक्षा मंडळे, विद्यापीठे आणि लोकसेवा आयोगाकडे आपण तशी शिफारस करावी.

दिव्यांगत्व मूल्यमापनाचे निकष केंद्र शासन ठरवते, हे आम्ही जाणतो. तथापि कलम ८० नुसार मिळालेल्या अधिकारात या निकषांत थकव्याचाही समावेश करावा, अशी शिफारस आपण करू शकता. थकवा मोजण्याची नऊ प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली १९८९ पासून वापरात आहे. ती भरून घ्यायला पाच-दहा मिनिटे पुरतात. सकाळी विश्रांती घेऊन आलेल्या रुग्णाच्या हातापायांची ताकद तपासून त्याचा उरलेला दिवस कळत नाही. या प्रश्नावलीतून तो काही अंशी तरी कळेल. केंद्राचा निर्णय होईपर्यंत निदान तपासणीसाठी आलेल्या रुग्णांना रांगेत उभे ठेवू नये आणि सकाळची पहिली वेळ द्यावी, एवढ्या सूचना जिल्हा रुग्णालयांना देता येतील.

शेवटची मागणी घरातल्या कामांविषयी आहे. शासनाचा आदेश स्वयंपाकघरापर्यंत जात नाही, पण प्रशिक्षण जाऊ शकते. ओट्याजवळ उंच स्टुलावर बसून पोळ्या करणे, गॅससमोरचे काम सकाळी आटोपणे, थकल्यावर न थांबता थकण्याआधीच थांबणे अशा साध्या गोष्टी ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतात. असे काही आठवड्यांचे वर्ग इतर देशांत घेतले जातात आणि त्यांचा फायदाही दिसून आला आहे. आपल्या जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रांमध्ये हे वर्ग मराठीतून सुरू करावेत आणि रुग्णासोबत घरच्यांनाही बोलवावे. सासू-सासरे, पती किंवा मुलांनी डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकले, की रुग्णाला रोज स्वतःची बाजू मांडत बसावे लागत नाही.

या मागण्यांवर चर्चेसाठी आम्हाला आपली भेट मिळावी आणि झालेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती. भेटीची वेळ कृपया सकाळी अकराच्या आतील आणि शक्यतो तळमजल्यावरील दालनात द्यावी.

आपले नम्र,
एमएस असलेले नागरिक व त्यांचे कुटुंबीय

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी: मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई