पिकअपचा टायर बदलताय? भाव नंतर, आधी लोड इंडेक्स पाहा

चाकण एमआयडीसीत सुटे भाग वाहणाऱ्या पिकअपचा टायर बदलताना पहिला प्रश्न असतो, ‘कितीला बसेल?’ खरे तर तो शेवटचा असायला हवा.

टायरवर मापानंतर छापलेला आकडा म्हणजे लोड इंडेक्स. १०० असेल तर एक टायर ८०० किलो पेलतो, १०६ असेल तर ९५० किलो. त्याच मापाचा कारचा स्वस्त टायर रिमवर बसतोही. पण मागच्या दोन टायरांत मिळून ३०० किलोंची क्षमता घटते. भरल्या गाडीत, तळपत्या रस्त्यावर तो तापून फुटण्याचा धोका वाढतो.

तारीखही तपासा. डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक २३२४ असतील, तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली, तर नियमानेही तो बाद.

मात्र सगळा दोष चालकाच्या माथी मारणे चूक. खेपेचे भाडे घासाघीस करून पाडणाऱ्या कंपन्यांनीच गेटवर मालाचे वजन आणि टायरचा लोड इंडेक्स ताडून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.