बिनतटाचा किल्ला

दिवाळीला साताऱ्याहून माझा भाचा आला, की आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात किल्ला उभा राहतोच. वय वर्षे दहा. पण माती, विटा, गोणपाट आणि अळीव यांवर त्याची हुकमत एखाद्या मुरलेल्या गवंड्याची. यंदा चिखलात हात असतानाच त्याने विचारले, "मामा, तुमच्या मुंबईत फोर्ट म्हणतात तो किल्ला कुठे आहे? आणि त्यात महाराज कुठे बसतात?"

मी मराठीचा प्राध्यापक. विद्यार्थ्यांना अवघड प्रश्न सुचू नयेत अशी तजवीज आमच्या अभ्यासक्रमातच असते. भाच्याला ती लागू नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन चर्चगेटला उतरलो.

"इथे गेट कुठाय?"

"ते शेवटी दाखवतो. आधी महाराज."

ओव्हल मैदानाच्या कडेने मंत्रालयापर्यंत गेलो. सुट्टीचा दिवस, त्यामुळे फाटकाशी शुकशुकाट. ही इमारत १९५५ सालची, समुद्रात भर घालून काढलेल्या जमिनीवरची. तेव्हा ती 'सचिवालय' होती. १९७५ साली शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना तिचे 'मंत्रालय' झाले. एका शब्दाच्या फेरफाराने घर सचिवांकडून मंत्र्यांकडे गेले! व्याकरणाची ताकद काही लहान नव्हे. २१ जून २०१२ च्या आगीत हिचे वरचे मजले जळाले, माणसेही दगावली. पलीकडचे विधानभवन १९८१ चे. "म्हणजे किल्ला सगळा नवाच?" भाचा हिरमुसला.

म्हणून मैदान ओलांडून त्याला जुन्या सचिवालयासमोर उभे केले. पिवळसर दगड, कमानी, लांबच लांब सज्जे. विल्किन्स नावाच्या लष्करी इंजिनियराच्या आराखड्यावरून १८७४ साली हे बांधून पुरे झाले. आता इथे न्यायालय भरते. शेजारी विद्यापीठ, १८७८ चा राजाबाई टॉवर, त्याच साली पुरे झालेले हायकोर्ट. त्या सज्जांतून तेव्हा समुद्र दिसे. पुढे समुद्र मागे हटवला, आणि सरकार त्याच्यामागून पश्चिमेकडे सरकले. या साऱ्या इमारतींना जागा मिळाली ती तट पाडला म्हणून. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी गावाभोवती घातलेला तट १८६० नंतर, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, उतरवला गेला. गाव आत गुदमरले होते आणि अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा धो धो येत होता. तट गेला, नाव राहिले. आपली जुनी माणसे 'कोट' म्हणत. कोट घालून कोटात जाणाऱ्या कारकुनांच्या दोन पिढ्या तरी आमच्या घराण्यात झाल्या.

"आता गेट," भाच्याने आठवण दिली.

हायकोर्टावरून हुतात्मा चौकात आलो. तटाला तीन दरवाजे होते : अपोलो, बाजार आणि चर्च. आत १७१८ सालचे सेंट थॉमस चर्च, म्हणून चर्चगेट. तो दरवाजा होता त्या जागी १८६४ साली हे फ्लोरा फाउंटन उभे राहिले. कारंजे बघून झाल्यावर त्याचे लक्ष मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराकडे गेले. "हे कोण?"

मी सांगितले. २१ नोव्हेंबर १९५५. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या बेताविरुद्ध माणसे विधिमंडळावर निघाली होती. विधिमंडळ तेव्हा रीगलजवळच्या इमारतीत, गोऱ्या खलाशांसाठी बांधलेल्या एका वसतिगृहात भरत असे. लोकांना अडवले ते इथे. गोळ्या सुटल्या. पंधरा माणसे गेली. पुढे हा आकडा शंभरावर गेला, आणि १ मे १९६० ला राज्य मिळाले.

"पण गेट तर पाडलं होतं ना?"

"हो. नव्वद वर्षं झाली होती पाडून."

"मग त्यांना अडवलं कसं?"

मी त्याच्यासाठी शेंगदाण्याची पुडी घेतली. परतीच्या गाडीत तो काही बोलला नाही; नाहीतर दादर येईपर्यंत त्याची टकळी चालू असते.

संध्याकाळी अंगणात डोकावलो. महाराज नेहमीच्या जागी, वर. मात्र पायथ्याशी असणारे शेतकरी, गवळण आणि वाणी दरवाजातून आत चढणाऱ्या वाटेवर आले होते. दरवाजातले दोन बंदूकवाले शिपाई विटेमागे आडवे पडले होते.

"हे का काढलेस रे?"

"इथे नकोत," तो म्हणाला, आणि अळिवावर पाणी शिंपडू लागला. अळीव अजून उगवले नव्हते.