पदरमोडीची रक्ततपासणी

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे रक्त तपासायचे तर दोनच मार्ग उरतात. त्याला चौघांनी उचलून रिक्षात घालायचे आणि प्रयोगशाळा गाठायची, किंवा खासगी प्रयोगशाळेचा माणूस घरी बोलवायचा. दुसऱ्या मार्गाचे पैसे रुग्णाच्या घरातून जातात. तपासणीचे वेगळे आणि त्या माणसाच्या फेरीचे बहुधा वेगळे. ही सोय म्हणजे शहरी मध्यमवर्गाचे लाड, अशी समजूत पुरोगामी वर्तुळातही आढळते. ती टाकून दिली पाहिजे. अर्धांगवायू झालेला गिरणी कामगार, मांडीचे हाड मोडलेली विडी कामगार म्हातारी, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे ज्याचे रक्त वारंवार तपासावेच लागते असा हृदयरोगी, यांच्या बाबतीत घरी येणारी सुई हा उपचाराचाच भाग आहे.

वास्तविक दारात जाऊन रक्त घेणे शासनाला नवे नाही. १९५८ साली राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्यातील कर्मचारी खेडोपाडी घरोघर फिरत, ताप आलेल्याच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेत आणि भेटीची तारीख भिंतीवर लिहून जात. हत्तीरोगाची पथके तर रात्री येत, कारण त्या रोगाचे सूक्ष्म कृमी रात्री रक्तात फिरतात. त्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागले नाहीत. आज मधुमेहाची पाहणी करणारी शिबिरे होतात. पण ज्याचे निदान झाले आहे आणि ज्याला उंबरठा ओलांडता येत नाही, त्याच्यासाठी फेरी नाही. हिवताप एकापासून दुसऱ्याला होतो, मधुमेह होत नाही, एवढाच काय तो फरक. ज्याच्या रक्तापासून इतरांना धोका, त्याच्याकडे शासन चालत गेले. ज्याच्या रक्तापासून धोका त्याला एकट्यालाच, त्याला बाजार दाखवण्यात आला.

या बाजाराचा हिशेब पाहण्यासारखा आहे. बिल एका रकमेपलीकडे गेले की अनेक प्रयोगशाळा फेरीचा आकार माफ करतात. म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेली एकच तपासणी ज्याला हवी, तो फेरीचे पैसे भरतो. आणि जाहिरातीला भुलून पन्नास-साठ तपासण्यांचे ‘पॅकेज’ घेणाऱ्याला तीच फेरी फुकट. रुग्णाला ग्राहक म्हणतात खरे, पण काय घ्यायचे ते डॉक्टरची चिठ्ठी ठरवते आणि भाव विक्रेता ठरवतो. (पाठ्यपुस्तकातला ग्राहक असा नसतो.) पहाटेपासून दुचाकीवर दारोदार फिरणाऱ्या तंत्रज्ञालाही अनेक ठिकाणी फेरीमागे मोबदला मिळतो, पाऊस, अपघात आणि चुकून स्वतःलाच टोचलेली सुई हे सारे त्याच्या वाट्याचे.

दर बांधून देणे अव्यवहार्य आहे, असे सांगितले जाते. करोनाच्या काळात ते व्यवहार्य ठरले होते. जून २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी प्रयोगशाळांतील आरटीपीसीआर तपासणीसाठी २,२०० रुपये आणि घरी जाऊन नमुना घेतल्यास २,८०० रुपये अशी कमाल मर्यादा घातली. मार्च २०२१ अखेर हे आकडे ५०० आणि ८०० वर आले. तपासण्या थांबल्या नाहीत. घरी येण्याचे मोल शासनाला ठरवता येते, एवढे त्यातून नक्की झाले.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी पदरमोड करून केला. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्के झाले. घट स्वागतार्ह आहे. मात्र सरकारी विम्याची नजर रुग्णालयातील खाटेपलीकडे फारशी जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना ७० वर्षे व त्यावरील सर्वांना खुली झाली. पण तिच्यात दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्याच काळातील तपासण्या येतात. सोळाव्या दिवशी म्हातारा पुन्हा स्वतःच्या गाठीच्या पैशावर.

आवश्यक ती यंत्रणा अर्धीअधिक उभी आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात ‘महालॅब’ची व्यवस्था आली, प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतलेले नमुने प्रयोगशाळेत जातात आणि रुग्णाला काही द्यावे लागत नाही. केंद्राच्या २०२२ च्या मानकांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ तपासण्यांची सोय हवी. केंद्रापासून पुढे नमुना नेणारी गाडी आहे. घरापासून केंद्रापर्यंतचे चार-सहा किलोमीटर मात्र कोणाच्याच कामात धरलेले नाहीत. केरळात २००८ च्या उपशामक शुश्रूषा धोरणानंतर पंचायतींच्या परिचारिका अशा रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या, आणि तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देण्यास आरंभ केला. महाराष्ट्राची तिजोरी त्यांच्याहून रिकामी आहे, असे कोणी म्हणणार नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात आणि प्रभागात आधी यादी करावी : चालता न येणारे रुग्ण किती, कोणाला कोणती तपासणी किती दिवसांनी लागते, आजवर त्यावर किती खर्च झाला. ती ग्रामसभेत मांडावी आणि ठरावासह तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावी. हे काम आशा सेविकांच्या गळ्यात घालण्याचा मोह शासनाला होईल. शिरेतून रक्त काढण्याचे शिक्षण त्यांना दिलेले नाही, आणि आहे त्या कामाचाही पुरता मोबदला त्यांच्या हाती पडत नाही. तेव्हा मागणीपत्रात प्रशिक्षित, पगारी तंत्रज्ञाची जागा आणि त्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद स्पष्ट शब्दांत लिहावी.